जमिनीला न टेकलेलं शेण

वडगावच्या विणकर गल्लीत जयाबाईंइतकं मऊ कुणी बोलत नाही. त्यांचं बोलणं ऐकायचं तर आधी शेजारचे माग बंद करावे लागतात. पण शेणाचा विषय निघू दे, याच बाईंच्या अंगात वारं शिरतं!

गोठ्यात असतं ते शेण. देवाच्या पाटाशी आलं की गोमय. थापून वाळवलं की शेणी. घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या, पाखरांची शीट. एकाचं नाव दुसऱ्याला दिलेलं त्यांना खपत नाही. कुत्र्यामांजराच्या घाणीला मात्र त्यांच्याकडे नावच नाही, तिथं नुसता पदर नाकाला. आणि त्यांचे यजमान नागेंद्रअण्णा कुणावर चिडून "शेण खाल्लं त्यानं!" म्हणाले, की बाई हळूच सांगणार, "अहो, माती खाल्ली म्हणा. शेणाला कशाला नावं ठेवताय? ते बिचारं सारवायला येतंय."

दर दिवाळी पाडव्याला जयाबाई उंबऱ्याशी शेणाचे पांडव बसवतात. पाच भाऊ, द्रौपदी, शेजारी चिमुकला गोठा आणि प्रत्येकाच्या डोक्यात झेंडूची पाकळी. पांडव बसेपर्यंत घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही, हा नेम. यंदा त्यांनी कीर्तनात ऐकलं, जमिनीला न टेकलेलं गोमय सगळ्यांत शुद्ध. झालं! बायकांच्या घोळक्यात त्या बोलून गेल्या, "यंदाचे पांडव वरच्या वर झेललेल्या शेणाचे. मीच झेलणार. त्यात काय अवघड हाय?" आणि देवापुढं पाणी सोडून मोकळ्या झाल्या.

नेमकी यंदाच लेकीची, राणीची, पहिली दिवाळी. जावई सौरव बेंगळूरहून आलेले. घरात पुरणाचा वास, आणि जावई चहावर!

पहाटे पितळी ताट घेऊन जयाबाई मष्णू गवळ्याच्या दारात हजर.

"आक्का, आत्ताच टाकलं की गंगीनं. घ्या ते."

"खाली पडलं रं ते. पुन्हा कवा टाकंल?"

"तिला काय इचारून येतंय व्हय!" मष्णूनं दावं सोडलं. "जावा तिच्या मागनं."

गंगी निघाली. मागून बाई निघाल्या.

बाहेर धुकं होतं. सणामुळं माग थांबलेले, त्यामुळं गल्ली कशी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी झालेली. दारोदारच्या पणत्या धुक्यात विरघळत होत्या. गंगीची रंगवलेली शिंगं तेवढी पुढं तरंगत होती, आणि गळ्यातली घंटा अशी वाजत होती की जणू कुणी लांबच्या देवळात झोपेतच पूजा करतंय. चालता चालता जयाबाईंना वाटलं, आपले पाय जमिनीला लागतच नाहीत. ही गंगी नव्हेच, ही कामधेनू! आपण वडगावातून नव्हे, गोकुळातून चाललोय. अशा तंद्रीत त्यांनी किती गल्ल्या ओलांडल्या, त्यांनाही कळलं नाही.

मागं वळून बघितलं तर निम्मं गाव!

सजवलेली गाय आणि मागं ताट धरून डोळे अर्धवट मिटलेली सोवळ्यातली बाई. बघणाऱ्यांनी मिरवणूक समजायची नाही तर काय? बाळाबाई आरती घेऊन आल्या, कुणी झांज आणली. म्हाताऱ्या अंबूबाईंनी कन्नडमध्ये चौकशी केली आणि कळल्यावर हात जोडले, "सगणी? देवरे!" म्हणजे, शेण? देवा रे! वरातीच्या घोड्याचा मालक परशराम दारातून ओरडला, "आक्का, ताजी लीद हाय बघा, देऊ?"

"देवाला लीद?" जयाबाई पुटपुटल्या. "शिव शिव!"

गंगी थांबली की मिरवणूक थांबायची. शेपूट हललं की झांज वाजायची. आता एवढ्या गाजावाजात तुम्हाआम्हाला तरी जमेल का? गाय बिचारी संकोचली. उन्हं वर आली, धुकं विरलं, गंगी काही मोकळी होईना!

तेवढ्यात राणीनं पिटाळलेले सौरव, नवे पांढरे बूट घालून, भुकेनं कासावीस होऊन येऊन पोचले. मागून नागेंद्रअण्णा.

"मामी, घरी चला ना! पोळ्या..." म्हणत सौरव गर्दीतून वाट काढत थेट गाईच्या मागं आले. आणि गंगीनं शेपूट उचललं.

"आलं! आलं!" गल्ली दणाणली. झांजा कडाडल्या. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले.

सगळ्यांनी! जयाबाईंनीसुद्धा! जन्माची सवय. ताट खण्णकन खाली.

डोळे उघडले तेव्हा गंगी हलक्या अंगानं पुढं चालली होती, आणि सौरवच्या उजव्या बुटावर ऊन ऊन गोळा विराजमान होता. सौरव पाय झटकणार, इतक्यात...

"हलू नका!!"

जयाबाई ओरडल्या! अख्ख्या वडगावानं त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. झाडावरचे कावळे उडाले.

"टेकलं न्हाय! जमिनीला टेकलं न्हाय!" त्या जावयाच्या पायाशी वाकल्या.

"अहो मामी, पाया काय पडताय! मी लहान आहे!" सौरव मागं सरकू लागले.

"अहो, धरा त्यांना!"

अण्णांनी जावयाला मागनं मिठी मारली. "पाव्हणं, दम खावा. तुमच्या पायावर पांडव हायत."

गोळ्याची एक कड बुटावरून घसरत चालली होती. बाईंनी ओंजळ खाली धरून अल्लाद वरच्या वर झेलली, आणि मिरवणुकीनं असा जयजयकार केला की गंगी गोठ्यापर्यंत पळत गेली.

पांडव बसले. भीम जरा डावीकडं कलला, पण बसला. अनवाणी जावयानं पुरणपोळ्यांवर असा ताव मारला की भीमानं बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाबाई दारात. हातात रिकामं ताट.

"आक्का, जावईबापू अजून हायत न्हवं? आमच्या गोठ्यात जरा घटकाभर मागं उभं राहतील काय?"