काटा जागेवरच होता

मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवर दाब मोजायचा मीटर बसवून घेतला, त्याला त्या रविवारी बरोबर सात आठवडे झाले. सात आठवडे काटा एकाच रेघेवर उभा होता आणि मास्तरांचा त्याच्यावर जीव जडला होता. निवृत्त झाल्यापासून त्यांचं ऐकणारं घरात तेवढंच काय ते उरलं होतं.

एकतीस वर्षं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. आदर्श वायूचा धडा म्हणजे त्यांचा हातखंडा. आदर्श वायूचे कण जागा अडवत नाहीत, एकमेकांकडे ओढले जात नाहीत, कुणाचं कुणाला काही नसतं. वायू निम्मा झाला की दाबही निम्मा. इतकं सरळ वागणारं जगात दुसरं काही नाही, हे मास्तरांचं प्रामाणिक मत होतं. त्याच्या पुढचा धडा वास्तव वायूंचा. तो दर वर्षी परीक्षेच्या तोंडावर यायचा आणि मास्तर म्हणायचे, "हा घरी वाचा." स्वतः त्यांनी तो शेवटचा कधी वाचला होता, देव जाणे.

"अहो, सिलिंडर हलकं लागतंय," गुरुवारी बायको म्हणाली. "फरशी पुसताना ढकललं, तर सर्रकन सरकलं."

"काटा बघ. तसूभर तरी हललाय का?"

"काट्याला काय कळतंय?"

"वायू कमी झाला की दाब कमी होतो. दाब कमी नाही, म्हणजे वायू कमी नाही. हातानं का कुठे वायू मोजतात?"

आपलं म्हणणं पक्कं करायला मास्तरांनी त्याच संध्याकाळी घरातलं दुसरं, भरलेलं सिलिंडर शेजाऱ्यांना देऊन टाकलं. मग खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडलं आणि रोजच्यासारखं पानाआडून विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी आहे," ती रोजच्यासारखं म्हणाली.

रविवारी तिची थोरली बहीण जेवायला येणार होती. जेवण हे आपलं निमित्त. ताई मोठ्या घरात एकटी राहायची आणि वर्षभर धाकटीच्या मागे लागली होती, "चल माझ्याकडे कायमची. आयुष्यभर भिंतीशी बोललीस, आता माणसाशी बोल." बायकोनं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. "रविवारी सांगते," एवढंच ती फोनवर म्हणाली, आणि ते मास्तरांनी बाहेरच्या खोलीत ऐकलं. घर किती शिस्तीत चाललंय ते ताईंना दाखवायचं, म्हणजे हा विषयच निघणार नाही, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी आभाळ काळवंडलेलं होतं. ताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, पर्स मांडीवर धरून. शेगडीवर बटाटे शिजत होते. मास्तर हातात पट्टी घेऊन सिलिंडरजवळ उभे राहिले.

"हे बघा ताई, सात आठवडे झाले, आणि काटा—"

"हलला," ताई म्हणाली.

मास्तरांनी वळून पाहिलं. काटा आरामात खाली चालला होता. त्यांनी मीटरवर टिचकी मारली. तो आणखी खाली गेला. शेगडीची ज्योत बारीक झाली, एकदा फुरफुरली आणि विझली.

मास्तर शेजारी धावले. दाराला कुलूप होतं. शेजारी दोन दिवसांसाठी गावाला गेले होते आणि सिलिंडर आत होतं. परत येऊन त्यांनी बटाटे चहाच्या विजेच्या किटलीत कोंबले. किटलीतून धूर निघाला, फ्यूज उडाला आणि भरदुपारी घरात अंधार झाला.

"उपाशी ठेवा हवं तर," ताई अंधारातून म्हणाली, "पण मला शॉक देऊन मारू नका."

बायको उठून आतल्या खोलीत गेली. मास्तर तसेच चपला अडकवून गॅसवाल्याकडे गेले आणि त्याला नव्या सिलिंडरसह घेऊन आले. गॅसवाला त्यांचाच जुना विद्यार्थी; मीटरही त्यानंच बसवला होता. आता त्याचेही केस पिकले होते.

"सर, आत नुसता वायू नसतो, द्रव असतो," तो सिलिंडर बदलता बदलता म्हणाला. "खऱ्या वायूच्या कणांना एकमेकांची ओढ असते. फार दाबलं की ते बिलगतात, त्यांचा द्रव होतो. आपण वापरू तसा थोडा थोडा द्रव उडतो आणि दाब तेवढाच राहतो. पार तळ लागेपर्यंत काटा म्हणतो, बरं आहे, बरं आहे. मग एकदम खाली."

"मग मीटर बसवताना का नाही सांगितलंस?"

"तोंड उघडलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस."

"हे शिकलास कुठे?"

"घरी वाचलं. तुम्हीच सांगितलं होतं."

मास्तर खाली बसले. 'बरं आहे, बरं आहे' त्यांच्या कानातून जाईना. तेवढ्यात आतून बायको आली. तिच्या हातात बॅग होती. मास्तर सिलिंडर घेऊन येईपर्यंत तिची बॅग भरून झाली होती.

"येते मी," ती म्हणाली. "बटाटे पुन्हा पातेल्यात काढून अजून वीस मिनिटं ठेवा. मीठ घातलंय."

ताई आधीच जिना उतरत होती. मास्तर दारापर्यंत गेले. थांब म्हणावं, चुकलं म्हणावं, असं खूप काही मनात होतं. तोंडातून मात्र सवयीचंच निघालं.

"बरी आहेस ना?"

सवयीनं तिनंही तोंड उघडलं. मग मिटलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"नाही," ती म्हणाली, आणि एकेक पायरी जपून उतरून गेली.

मास्तर बराच वेळ दारात उभे होते. गॅसवाल्यानं आतून दोनदा हाक मारली.

"सर, मीटर काढून टाकू का?"

मास्तरांनी आत येऊन पाहिलं. काटा पुन्हा आपल्या रेघेवर उभा होता. ते वाकले आणि दोन्ही हातांनी सिलिंडर जरासं उचलून बघू लागले.