लाल ठिपक्याचं ताट

तीन वर्षांच्या ज्ञानेश्वरीचे पुढचे चार दात काळे पडले, तेव्हा शुभांगीने आधी चॉकलेटला दोष दिला, मग अंगणवाडीतल्या चिक्कीला, आणि गावात दातांचं शिबिर झालं त्या दिवशी सासूला.

शिबिराला नगरहून डेंटल कॉलेजची पोरं-पोरी आली होती. कर्जतपासून आडवाटेला असलेल्या या गावात नुसते दात बघायला कुणी येईल, असं कुणाला वाटलं नव्हतं. निकिता नावाच्या त्यांच्यातल्या एका डॉक्टरणीने ज्ञानूला मांडीवर घेतलं, दात पाहिले आणि म्हणाली, "दात किडवणारे जंतू बाळ पोटातून घेऊन येत नाही. घरातल्याच कुणाच्या तरी लाळेतून येतात. कुणाकडून कुणाकडे जातात, तेच आम्ही शोधतोय." मग तिने ज्ञानूच्या, शुभांगीच्या आणि सासूबाई मनकर्णाबाईंच्या तोंडातून कापसाचे बोळे फिरवून घेतले.

मनकर्णाबाईंचे सगळे दात नात जन्मायच्या आधीच पडून गेले होते. निकिताला हसू आलं. "आजी, इथं तर मोकळं मैदान आहे."

"पेरनीला तयार हाय म्हण," मनकर्णाबाई बोळकं पसरून हसल्या.

रिपोर्ट यायला महिना लागणार होता. शुभांगीला रिपोर्टची गरजच नव्हती. मनकर्णाबाई बाजरीची भाकरी दुधात कुस्करायच्या, पहिला घास स्वतःच्या तोंडात घोळवून मऊ करायच्या आणि मग नातीच्या तोंडात घालायच्या. चार लेकरं त्यांनी तशीच वाढवली होती. ज्ञानूही दुसऱ्या कुणाच्या हातून भाकरी खात नसे. शुभांगीला ते कधीच आवडलं नव्हतं, पण आवडत नाही म्हणायला आजवर कारण मिळालं नव्हतं.

त्या दिवशी दिवेलागणीला तिने नेलपॉलिशची बाटली काढली. एका ताटाला, वाटीला, पेल्याला आणि चमच्याला लाल ठिपका लावला.

"आत्या, आजपासून ही तुमची भांडी."

"का गं बाई?"

"तुमच्या तोंडातले जंतू पोरीला लागत्यात. डॉक्टरीनबाई म्हणल्या."

डॉक्टरणीने 'घरातल्याच कुणाच्या तरी' एवढंच म्हटलं होतं. त्या 'कुणाच्या'च्या जागी नाव शुभांगीने घातलं होतं.

मनकर्णाबाईंनी ताट हातात फिरवून फिरवून पाहिलं. "चार पोरं ह्याच तोंडानं वाढिवली," त्या म्हणाल्या. आणि मग स्वतःलाच समजावल्यासारखं, "तवाचं जंतू गरीब असतील."

तुषारने, म्हणजे शुभांगीच्या नवऱ्याने, हात धुतले. "तुमचं तुमी बघा," म्हणून तो गोठ्यात गेला.

सकाळी शेजारच्या भिमाजीची बायको विरजण मागायला आली आणि ठिपक्याचं ताट बघून गेली. दुपारपर्यंत सासू-सुनेची चूल वेगळी झाल्याचं गावभर झालं. संध्याकाळी चुलत सासरे कारभारी सातबारा काखेत मारूनच आले. "वाटनी करायची तर मला इचारून करा," म्हणाले, आणि चहा होईस्तोवर बांधाची मोजणी सांगत बसले. वाटणी नाही, हे त्यांना पटलं. पण मग ताट वेगळं का, हे काही पटलं नाही. ते आजार शोधत घरी गेले.

तो आजार दुसऱ्या दिवशी डेअरीवर भेटला. दूध मोजणाऱ्या बन्सीने शुभांगीचा कॅन हाताने नाही, पायाने बाजूला सरकवला.

"वहिनी, तुमचं दूध शेवटाला घेतो."

"का रं?"

"न्हाई, म्हातारीच्या छातीत काय तरी झालंय म्हणत्यात. थुकीतनं पसरतंय म्हणं."

"कुनाच्या छातीत काय न्हाई. दाताचे जंतू हायेत."

बन्सीने जरा विचार केला. "म्हातारीला दात कुठं हायेत?"

बन्सीने तेव्हाच सगळं सांगितलं होतं. पण डेअरीवर दूध घालताना कोण शहाणपण शिकायला जातं? शुभांगी फणफणत घरी आली.

तिसऱ्या दिवशी जामखेडहून नणंद आली, तोंडाला मास्क लावून. तिला सगळे आक्का म्हणत. आजार नाही हे कळल्यावर तिने मास्क काढला, आणि मग तिचं तोंड थांबेना. "माझ्या आईला ठिपका लावला व्हय गं? बैलाला रंगवत्यात तसं? चल आई, बोचकं बांध."

शुभांगीने एक शब्द बोलायला हवा होता. राहा आत्या, एवढाच. पण तिच्या मनात आलं, चार दिवस गेल्या तर पोरीचे बाकीचे दात तरी वाचतील.

निघताना मनकर्णाबाईंनी नातीला जवळ घेतलं नाही. तोंडावर पदर धरून लांबूनच म्हणाल्या, "जेव गं माझी बाय."

बाय जेवेना. भाकरीची वाटी दिसली की ज्ञानू दाराकडे बघायची. मग शुभांगीने दूध वाढवलं. पूर्वी झोपताना एक बाटली असायची, आता दिवसाला तीन झाल्या. दोन चमचे साखर, पोळत नाही ना म्हणून तोच चमचा आधी स्वतःच्या तोंडात, मग बाटलीत ढवळून बाटली लेकीच्या तोंडात. बाटली चोखत चोखतच ज्ञानू झोपी जायची. पाचव्या दातावर काळी रेघ दिसली, तेव्हा शुभांगी म्हणाली, "आत्या जाऊन बारा दिवस झाले, तरी जंतू मागं ठेवून गेल्या बघा."

तुषार म्हणाला, "तिचं तेवढंच राहिलंय घरात."

महिन्याने निकिताचा फोन आला. शुभांगी गोठ्यात होती.

"रिपोर्ट आला, ताई. असं बघा, हे जंतू सगळे एका जातीचे दिसले, तरी प्रत्येकाच्या आत त्याची जनुकं असतात. तुमच्या गाईच्या कानातला बिल्ला कसा, कोणती गाय कुणाची ते सांगतो, तसं. काहींच्या जनुकांत साखरेपासून गोंद करायची कला असते. त्या गोंदाने ते दाताला चिकटून बसतात आणि दात पोखरतात. ज्ञानेश्वरीच्या तोंडात तसलेच निघाले. आणि त्यांचा बिल्ला तुमच्याशी जुळला."

"माझ्याशी?"

"तुमची डावी दाढ किडलीय. त्या दिवशी म्हटलं होतं मी."

"आन् आमच्या आत्या?"

"आजींकडे तो जंतू सापडलाच नाही. त्याला वस्तीला दात लागतात, ताई. उष्टा चमचा मात्र कुणाचाच नको. आणि झोपताना साखरेची बाटली बंद करा."

गाय कान हलवत होती. पिवळा बिल्ला हलत होता.

दुसऱ्या दिवशी ज्ञानूला घेऊन ती जामखेडला निघाली. काय बोलायचं ते तिने वाटेत तीनदा जुळवलं. आक्काच्या दारात पोचली, मनकर्णाबाई लगबगीने बाहेर आल्या, आणि हसल्या.

पांढरेशुभ्र, एका रांगेत, तोंडभर दात.

ज्ञानूने किंकाळी फोडली आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं.

"अगं, मी हाय, आजी," मनकर्णाबाई म्हणाल्या. नव्या दातांतून शब्दांबरोबर शिट्टी येत होती. "कवळी बशिवली गं शुभांगी. नवी कोरी. ह्यात कुनाचा जंतू नसनार. म्हनलं, आता तरी पोरीला घास देऊ देशील."

जुळवलेलं सगळं शुभांगी विसरली. "आत्या, जंतू माझे हुते. तुमच्याकडं न्हवतेच. दात नसले की ते राहतच न्हाईत."

मनकर्णाबाईंनी बोटाने नवे दात चाचपले. "म्हंजी आता मी घर बांधून दिलं त्यान्ला?"

शुभांगीला रडू आलं. आक्का काहीतरी लागट बोलायला पुढे झाली, पण मनकर्णाबाईंनी तिला हाताने थांबवलं. "रडू नगं. तुला तरी ते कुठनं आले? तुझ्या आयकडनंच आले असतील. माहेरी जाऊन तिला एक ठिपका लावून ये."

मग त्यांनी पाठ फिरवली, कवळी काढून पदरात गुंडाळली आणि पुन्हा वळून हसल्या. ज्ञानूने पदराआडून एका डोळ्याने डोकावलं. ते ओळखीचं बोळकं नीट पाहून घेतलं. आणि ती धावली.

संध्याकाळी तिघी घरी परतल्या आणि पंगत बसली. मनकर्णाबाईंनी मुकाट्याने ठिपक्याचं ताट स्वतःकडे ओढलं. सकाळी निघताना शुभांगीने तो ठिपका रॉकेलने, राखेने, नखाने घासून पाहिला होता. निघाला नव्हता.

"आत्या, ते माझं हाय," ती म्हणाली आणि ताट घेऊन हातभर लांब बसली. डावी दाढ ठणकत होती. समोर मनकर्णाबाई भाकरी बोटांनीच कुस्करत होत्या, पुन्हा पुन्हा, लोण्यासारखी होईस्तोवर, आणि घास स्वतःच्या तोंडाकडे जायला निघाला की मध्येच थबकून ज्ञानूकडे वळत होता.

फळीवर लाल ठिपक्याच्या पेल्यात, पाण्यात बुडून, नवे कोरे दात एकटेच हसत होते.