वेलखारची बिनधुराची पोपटी

आनंद ही मोठी जोखमीची वस्तू आहे. ती जबाबदार माणसाच्या देखरेखीवाचून लोकांच्या हाती राहिली, तर लोक ती जागच्या जागी संपवून मोकळे होतात. उरणच्या अलीकडे, मिठागरांना लागून असलेल्या वेलखार गावात सन १९३४ पर्यंत हीच शोचनीय परिस्थिती होती. गावात आनंद पुष्कळ होता; त्याचे दप्तर मात्र नव्हते.

उदाहरणार्थ, पोपटी. भात झोडून झाले, वालाच्या शेंगा भरल्या, की दिवस कलताना कोणीतरी एक मडके घेऊन खाडीचे पाणी अडवणाऱ्या खारबांधावर जाई. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, जाडे मीठ, असलीच तर चार अंडी घालायची, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडके उपडे घालायचे आणि भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवून द्यायचे. पाणी नाही, तेल नाही, अध्यक्ष नाही. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. चर्र होऊन पाणी जागीच उडाले की पोपटी झाली. मग जो हजर असेल त्याने खायची. कोण हजर असेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसे. (पुढारलेल्या देशांत अशा उत्सवाला काय म्हणतात कोण जाणे, वेलखारात त्याला सोमवार म्हणत, किंवा त्या दिवशी जो वार असेल तो.)

हा सावळागोंधळ निस्तरण्याचे काम तात्यांनी अंगावर घेतले. तात्या म्हणजे दत्तात्रेय धर्माजी. वेलखारचाच मुलगा, पण सोळाव्या वर्षी गाव सोडलेला. मुंबईत एका कचेरीत एकतीस वर्षे आवक-जावक टपालाची नोंदवही, म्हणजे बारनिशी, सांभाळून, पेन्शन घेऊन ते मोरा बंदराच्या बोटीने परत आले होते. बरोबर एक लोखंडी ट्रंक, एक आरामखुर्ची आणि पत्नी नीराबाई. खुर्ची ओटीवर ठेवली की समोर थेट खारबांध दिसे. त्या खुर्चीत बसून तात्यांनी दोन हिवाळ्यांत त्रेचाळीस पोपट्यांचा धूर पाहिला. (आकडा भरवशाचा आहे, तात्या तारीखवार टिपून ठेवीत.) या त्रेचाळिसांपैकी आमंत्रणे आली शून्य.

तात्यांच्या मनाला हे फार लागले होते. मुंबईच्या खोलीत एकतीस हिवाळे त्यांना त्या करपलेल्या पाल्याचा वास आठवत असे. बायकोला ते सांगत, एकदा गावी जाऊ दे, मग बघ. आणि आता गावी आलो तर गाव विचारीत नाही! हे दुःख ते कोणाजवळ बोलले नाहीत, कारण शहाणा माणूस मागून खात नाही. नीराबाई मात्र धूर दिसला की पदर खोचून, मिठाची पुडी घेऊन बांधावर जात आणि येताना नवऱ्यासाठी ओच्यातून शेंगा आणीत. तात्या त्या थंड शेंगा भिंतीकडे तोंड करून खात.

"तुमीच का न्हाय येत?" नीराबाई एकदा म्हणाल्या.

"मला कोणी बोलावलंय?"

"मना तरी कोनी बोलावला व्हता?"

या उत्तरात काही अर्थ असेल असे तात्यांना वाटले नाही. बायका कुठेही जातात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि त्याच आठवड्यात 'वेलखार ग्रामस्थ निसर्गविहार व सामुदायिक मनोरंजन मंडळ' स्थापन केले. आपल्याला कोणी बोलावीत नसेल, तर आपण सगळ्यांना बोलवावे. म्हणजे बोलावणे कसे असते ते तरी गावाला कळेल. अध्यक्ष तात्या झाले. चिटणीस म्हणून मिठागरावरचा मुकादम काळूराम याला नेमले. काळूरामला सही करता येत असे, आणि म्हणून समोर येईल त्या कागदावर तो ती करीत असे.

मंडळाने सव्वीस नियम केले. सगळेच मौलिक आहेत, पण जागेअभावी थोडेच देता येतात. पोपटी रविवारी चार ते सहा या वेळात होईल व सभासदांना आनंद पावणेपाचपासून होऊ लागेल. शेंग सोलताना पुढील सभासदाच्या पाठीवर टरफल टाकू नये. हसणे ऐच्छिक आहे. बिनआमंत्रण कोणीही येऊ नये. मडके उपडे असावे की सुलटे, याचा विचार त्रिसदस्य उपसमिती करील. (तिने दोन विरुद्ध एक मतांनी उपडे ठरवले. तो एक कोण, हे सांगणे औचित्याला सोडून होईल.) आणि नियम चौदावा: धूर होता कामा नये. तात्यांच्या कचेरीत धुराविरुद्ध आलेल्या तक्रारअर्जांची एक स्वतंत्र फाईल होती, आणि सभ्य वस्तीत धूर ही काय चीज मानली जाते ते त्यांना पक्के ठाऊक होते. पेंढा-गोवऱ्या रद्द करून त्यांनी लाकडी कोळसा मंजूर केला.

बुधाजी म्हणून एक म्हातारा होता. चाळीस वर्षे गावातली निम्मी मडकी त्यानेच पेटवलेली, म्हणून त्याला तज्ज्ञ या नात्याने सभेला बोलावले होते. तो उकिडवा बसून सगळे ऐकत होता.

"तात्या, धूर न्हाय तं मंग लोकांना कलंल कसा?" त्याने विचारले.

"छापील पत्रिका जाणार आहेत," तात्या म्हणाले आणि नमुन्याची एक त्याच्या हाती दिली.

बुधाजीने ती दोन्ही बाजूंनी पाहिली, बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "पेटंल बरी."

ही सूचना अनुमोदकाअभावी बारगळली.

मुंबईहून एकशेबारा पत्रिका छापून आल्या. गावात घरे एकशेबारा आणि वाचता येणारी माणसे चार. पत्रिका सर्वांनी मोठ्या आदराने घेतल्या व देवामागे ठेवल्या. छापलेला कागद म्हणजे लग्न, एवढे गावाला कळत होते. त्यामुळे रविवारी सकाळी शेजारच्या बायजाबाई नवे लुगडे नेसून, नारळ घेऊन तात्यांच्या ओटीवर आल्या आणि नवरी कोणाची म्हणून विचारू लागल्या. तात्यांना मूलबाळ नव्हते. नीराबाईंनी नारळ ठेवून घेतला आणि त्यांना चहा दिला.

दुपारी चारला बांधावर अकरा सभासद स्वच्छ टोप्या घालून जमले. मधोमध कोळशाच्या लालभडक निखाऱ्यांत मडके, उपडे. धुराची एक रेघ म्हणाल तर नाही. स्वागत झाले, प्रास्ताविक झाले, अध्यक्षीय भाषण सुरू झाले. विषय होता 'उघड्यावरील आनंद: काल, आज आणि उद्या'. तात्या 'काल'मध्ये असतानाच तीन शेते पलीकडे पेंढ्याचा जाड, पांढरा, भरघोस धूर उठला.

बुधाजीच्या मनात विरोध वगैरे काही नव्हते. सगळा गाव आज बांधाकडे बघतो आहे आणि घरात मडके रिकामे आहे, एवढाच विचार त्याने केला होता. पण धूर दिसला आणि घराघरांतून माणसे निघाली. शेंगा घेऊन, रताळी घेऊन, काही जण नुसतेच. बायजाबाई तर नव्या लुगड्यानिशीच गेल्या.

सभासदांत शिस्त होती. प्रत्येकाने रीतसर कारण देऊन रजा घेतली. गुणाजीचा बैल सुटला होता. (गुणाजीजवळ बैल नव्हता.) सदूला भरती किती आली ते बघायचे होते. (ओहोटी होती.) पावणेपाचला अकरा, पाचला सहा, सव्वापाचला दोन, अशी उपस्थिती राहिली. शेवटी काळूरामने पुढे लिहिल्या जाणाऱ्या सर्व मजकुराखाली आगाऊ सही केली आणि तोही गेला. तात्या तेव्हा 'उद्या'मध्ये शिरले होते.

राहिल्या नीराबाई. त्यांनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला. पाणी मडक्यावरून शांतपणे ओघळले.

"उठा आता," त्या म्हणाल्या. "धूर दिसतंय."

"मला बोलावलेलं नाही."

"आवो, पोपटीला कुठं आवतान असते? धूर म्हंजेच आवतान. तरेचाळीस खेपा गावानं तुमाला बोलावला, आन् तुमी खुर्चीत बसून मोजीत व्हतांव."

तात्यांच्या हातातले भाषण खाली आले. तिकडे कोणीतरी हसत होते आणि करपलेल्या पाल्याचा वास वाऱ्याबरोबर आला. पायात वहाणही सरकवली त्यांनी. पाच मिनिटांची वाट होती. एक शब्द बोलावा लागला नसता. बुधाजीने नुसते सरकून जागा दिली असती.

पण आभारप्रदर्शन व्हायचे होते. सभा विसर्जित न करता अध्यक्षाने उठावे, हे एकतीस वर्षांत त्यांनी कुठे पाहिले नव्हते.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी एवढं आटोपून येतो."

नीराबाई पदर खोचून गेल्या. तात्यांनी मडक्याचे, कोळशाचे व उपस्थितांचे आभार मानले, आणि मांडीवर कागद घेऊन अहवाल लिहायला बसले. पोपटी अत्यंत यशस्वी झाल्याचे त्यांनी लिहिले. उपस्थितीच्या रकान्याशी मात्र हात अडला. एक लिहायला मन होईना आणि खोटे लिहायची सवय नव्हती. तिकडचा धूर विरला, माणसे पांगू लागली, तेव्हा कुठे त्यांना तोड सुचली. त्यांनी ठराव लिहिला: 'आनंद प्रत्यक्ष घेणे आणि त्याचा वृत्तान्त घरबसल्या वाचणे यांत हे मंडळ भेद मानीत नाही. जो वाचील, तो उपस्थित समजावा.' ठराव एक विरुद्ध शून्य मतांनी, एकमताने संमत झाला.

या एका ठरावाने मंडळाचे भाग्य फळफळले. बांधावर त्यानंतर कोणी गेले नाही तरी उपस्थिती वर्षानुवर्षे वाढतच आहे, आणि ती आत्ताच आणखी एकाने वाढली. आपण बसल्या जागेवरून न उठता, शेवटच्या शेंगेपर्यंत थांबलात, याबद्दल मंडळ आपले आभारी आहे. एवढ्यात बाहेर कुठे धूर दिसला, तर कृपया खिडकी लावून घ्यावी. वाचताना डोळ्यांना त्रास होतो.