गुरुवारचा भूकंप

नागपुरात भूकंप होत नाहीत, असं तुम्ही ऐकलं असेल. आमच्या घरी मात्र तो दिवसाआड व्हायचा, आणि पुढचा कधी होणार हे अख्ख्या शहरात फक्त मला ठाऊक होतं!

गोष्ट अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यातली. इंदोऱ्यातल्या आमच्या तीन खोल्यांत तीन संशोधक राहत. मी मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायची. माझे मिस्टर आनंदराव भूभौतिकीवाले. पृथ्वीच्या पोटात काय चाललंय हे त्यांना अचूक कळे. आपण जेवलो की नाही, हे मात्र ते मला विचारत. धाकटे दीर रविंद्र लोकगीतांवर प्रबंध लिहीत होते. घरात पाणी भरायला कोणी नसे, पण चर्चासत्र भरवायचं म्हटलं तर माणसं तयार! अर्थात चर्चा कधीच झाली नाही, कारण प्रत्येकाला फक्त आपलाच विषय महत्त्वाचा वाटे आणि दुसऱ्याचा ऐकताना झोप येई.

आदल्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला आणि आनंदरावांच्या डोक्यात यंत्र शिरलं. मागच्या खोलीत जमीन खणून त्यांनी सिमेंटचा ओटा बांधला. त्यावर लोखंडी चौकट, चौकटीत टांगलेलं वजन, वजनाला लेखणी आणि लेखणीखाली चावीवर सावकाश फिरणारा कागदाचा रूळ. जमीन हलली की लेखणी कागदावर कंगव्यासारखे दाते काढणार! चार महिने तिने सरळ रेघ ओढली. आनंदराव रोज संध्याकाळी ती रेघ पाहून उसासा टाकत.

मला त्या यंत्राचं काही नव्हतं. मला हवी होती पीएच.डी.ची नोंदणी. आमच्या पांढरीपांडे सरांकडे एकच जागा उरली होती आणि तिच्यावर दुसऱ्या एकाचाही डोळा होता. सर मला म्हणाले, "बाई, कागदावरच्या गमती पुरे. प्रत्यक्ष जगातलं काहीतरी तुमच्या गणितात पकडून दाखवा. या महिन्यात दाखवलंत तर सही करतो, नाहीतर जागा गेली."

आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आनंदराव मागच्या खोलीतून ओरडत आले.

"प्रेमिला! नागपूर हललं!"

"मला तर काही जाणवलं नाही."

"तू दुपारी कॉलेजात होतीस!"

"अहो, कॉलेजही नागपुरातच आहे!"

"मग स्थानिक धक्का असेल," ते म्हणाले. चेहऱ्यावर पहिला मुलगा झाल्याचा आनंद!

एक दिवस मध्ये गेला, पुन्हा दाते; आणखी एक गेला, पुन्हा दाते. दर वेळी दुपारीच, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठे! तीन दाते, मग जरा जागा, पुन्हा तीन दाते. मी तो कागद ओढून घेतला, रात्रभर आकडेमोड केली आणि सकाळी चहाबरोबर जाहीर केलं, "गुरुवारी दुपारी सगळ्यात मोठा धक्का बसणार!"

"भूकंपाचं भाकीत जगात कोणाला करता येत नाही," आनंदराव म्हणाले.

"जगाने माझ्यासारखं गणित केलं नसेल!"

मी पांढरीपांडे सरांना गुरुवारचं आमंत्रण देऊन आले. नोंदणी खिशात पडल्यासारखीच होती.

बुधवारी संध्याकाळी मात्र राहवेना. आमच्या मागच्या भिंतीला लागून तुळसाबाईंचं अंगण. बिचारी माणसं भिंतीखाली सापडली तर? मी भिंतीवरून हाक मारली.

"तुळसाबाई, उद्या दुपारी घरी थांबू नका. मैदानावर जा."

"काहून वं बाई? काय होऊन राहिलं उद्या?"

"भूकंप होणार आहे. पण कोणाला सांगू नका."

"तुले कोनं सांगतलं?"

"गणितानं."

"गणितानं?" तुळसाबाई गंभीर झाल्या. "मंग होईनच. माह्या पोराले दोनदा नापास केलं त्यानं. लई कडक हाय ते!"

कोणाला सांगू नका म्हटल्यावर बातमी जेवढ्या वेगाने जाते, तेवढा वेग आनंदरावांच्या शास्त्रातल्या कुठल्याच लहरीला नसेल. गुरुवारी सकाळी गल्ली मैदानाकडे निघाली. मैनाबाईंच्या डोक्यावर शिलाईचं मशीन. रुपरावांनी बायकोच्या आधी सायकल बाहेर काढली, ते बायको पुढे कित्येक वर्षं विसरली नाही. कामठीच्या बसला लोक लोंबकळले. इतवारीत तर म्हणे रामटेकचा डोंगर दुपारपर्यंत नागपुरात येणार, अशी पक्की खबर होती!

दोन वाजता पांढरीपांडे सर कोट घालून आले. गल्लीत चिटपाखरू नाही.

"किती शांत वस्ती आहे हो तुमची! आमच्या धंतोलीत दुपारी डोळा लागत नाही."

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. आम्ही तिघं यंत्राभोवती बसलो. लेखणी सरळ रेघ ओढत होती. अडीच वाजले, तीन वाजले, रेघ सरळच. सरांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. तेवढ्यात लेखणी थरथरली!

"आला!" मी ओरडले.

"आनंदराव," सर शांतपणे म्हणाले, "पाय."

आनंदरावांनी आपटता पाय खाली ठेवला. बायकोसाठी माणूस काय काय करतो! सर उठले.

"बाई, सरळ रेघ मी शाळेतच पाहिली होती. येतो मी."

आणि त्याच क्षणी पुढच्या खोलीतून आवाज आला: धम्, धम्, धम्... मग जरा दम... धम्, धम्, धम्... आणि त्यावर बायकांचं गाणं:

*माझ्या भिवापुरी मिरचीचा रंग लाल गं बाई,*
*तिखट तिचं बोलणं, जशी नणंद आली घरी!*

तीन ठोके, एक दम. कागदावरच्या दात्यांचाच ठेका! मी कागद घेऊन धावले. रविंद्र टेपरेकॉर्डरपाशी मांडी घालून डोळे मिटून बसले होते.

"हे कुठलं?"

"मंगळवारचं, वहिनी. तुळसाबाईंच्या अंगणात दिवसाआड तिखट कांडतात ना, मी जातो गाणी घ्यायला. आधी दोघी होत्या, मग चौघी, मंगळवारी सहा जणी झाल्या. काय मुसळं चालतात! भिंत हादरते."

"आणि आज?" मी विचारलं.

"आज आठ जणी येणार होत्या! कोरी रिळं घेऊन गेलो, तर अंगणात कोणी नाही. कुणीतरी भूकंपाची आवई उठवली म्हणे. लोक किती अडाणी असतात ना, वहिनी?"

रविंद्रांनी डोळे मिटून पुन्हा गाण्यात डोकं घातलं, आनंदराव भिंतीकडे पाहू लागले. सर दारात उभे होते; सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"म्हणजे बाई, तुमचं भाकीत बरोबर होतं."

"हो सर!"

"आणि तुम्ही ते सांगितलंत म्हणून खोटं ठरलं."

"हो सर."

मग सर हसायला लागले. इतके हसले की खुर्ची मागावी लागली. आनंदराव हळूच मागे जाऊन पाहून आले; लेखणीने त्या हसण्याचेही बारीक दाते काढले होते. सरांनी डोळे पुसले आणि माझ्या अर्जावर सही केली.

"पण प्रबंधात भूकंप हा शब्द दिसला, तर सही परत घेईन!"

तेवढ्यात भिंतीवरून तुळसाबाईंचा आवाज आला. "कुठी हाय वं तुहा भूकंप? दिवसभर उन्हात बसवलं आमाले! इकडं बकरीनं मिरच्या खाल्ल्या. आता तेच भूकंप करून राहिली अंगणात!"

माझा प्रबंध व्हायला सहा वर्षं लागली. रविंद्र त्याआधीच डॉक्टर झाले. त्यांचं पुस्तक छापायला निघालं तेव्हा प्रूफं तपासायला माझ्याकडे आली. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या सासूबाईंनी अंगारे, धुपारे, नवस, सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं होतं, त्यामुळे 'वस्तीतील अंधश्रद्धा' हे प्रकरण मी फार चवीने वाचत होते. शेवटचा परिच्छेद असा होता:

"इंदोऱ्यातील स्त्रियांमध्ये अशी एक भाबडी समजूत रूढ आहे की, तिखट कांडताना आठ मुसळे एकत्र आल्यास धरणीकंप होतो. त्यामुळे येथे आठवी बाई कांडणाला बसत नाही. या समजुतीचा उगम अज्ञात आहे."

मी 'धरणीकंप'चा ऱ्हस्व-दीर्घ तपासला आणि पान उलटलं.