केळीचं गाणं, मेथीचं गाणं

आमच्या हरिकाकांच्या वाडीत पाणी गाण्यांवर मोजतात. आणि गाणी तरी कुठली? अभंग नव्हेत, हळदीची गाणी नव्हेत. केस वाढवलेले, शर्टाची बटणं हरवलेले गोरे लोक गिटारी बडवत घसा फाटेस्तोवर ओरडतात, ती. मेथीच्या वाफ्याला एक छोटं गाणं पुरतं. वांग्याला दोन लागतात. केळीला मात्र ते लांबलचक गाणं हवं, ज्याच्या मध्यावर गायक बहुधा चहा प्यायला जातो आणि मागे गिटारवाला जो एकटा सुटतो, तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. ते संपलं की केळीचं पोट भरलं. "गानं संपलं की पानी फिरवाचं. मधी कोनी बोलाचं नाय," हा काकांचा नियम. मधे कोणी बोललंच तर काका ते गाणं पहिल्यापासून लावतात, आणि मेथी कुजली तर बोलणाऱ्याला शिव्या देतात.

जी झाडं तोडून इमारत उभी करायची, त्यांचंच नाव तिला द्यायचं, ही आमच्याकडच्या बिल्डरांची कृतज्ञता. म्हणून उमेळ्यात, राजेळी केळी तोडलेल्या जागेवर, आम्ही 'राजेळी अपार्टमेंट'मध्ये राहतो. जमीन हरिश्चंद्र भोईर, म्हणजे हरिकाकांची. बदल्यात त्यांना पहिल्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, तोही रस्त्याच्या बाजूचा. कारण उरलेल्या वाडीकडे तोंड करणारे फ्लॅट 'ग्रीन व्ह्यू' म्हणून चढ्या भावाने विकायचे होते. थोडक्यात, वाडी काकांची आणि ती बघायचा हक्क तिसऱ्या मजल्यावरच्या देसाईंचा. मी मूळची साताऱ्याची, आता या सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे पाणी आलं नाही, लिफ्ट अडकली, कुणाच्या मांजराने कुणाच्या दारात घाण केली, की लोक ज्या बाईचं दार वाजवतात ती मी.

काकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकलेच होते. गुडघ्याच्या वर दुमडलेली लुंगी, डोक्याला टॉवेल, खांद्यावर फावडं आणि अंगात काळा टी-शर्ट, त्यावर छातीभर कवटी. कवटीखाली काहीतरी लिहिलेलं होतं म्हणे. धुऊन धुऊन अक्षरं गेली, कवटी टिकली. हाच टी-शर्ट घालून काका आमच्या सत्यनारायणाला आले आणि भटजींच्या शेजारी मांडी घालून बसले. भटजींनी पूर्ण कथा त्या कवटीकडे न बघता सांगितली.

हे सगळं खूळ शेजारच्या पापडी गावच्या पास्कोलचं. पास्कोल काकांचा शाळेपासूनचा दोस्त, पुढे बोटीवर नोकरीला लागला. सुट्टीवर आला की पिशवीभर कॅसेटी आणायचा आणि त्याबदल्यात केळ्यांचा घड घेऊन जायचा. कोण फसलं हे दोघांनाही कधी कळलं नाही. काकांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे गाण्यांची खरी नावं त्यांना माहीत नाहीत आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही. या सगळ्या संगीताला ते 'इंग्लिश बेंजो' म्हणतात. आमच्याकडे हळदीला बेंजो वाजवणारी पार्टी असते, आणि काकांच्या मते तिकडेही हेच चालतं, फक्त हळद लावलेली दिसत नाही.

प्रत्येक गाण्याला काकांनी आपलं नाव दिलेलं आहे. एक आहे 'सासऱ्याचं गानं'. लग्न ठरवायला सासरे पहिल्यांदा वाडीत आले तेव्हा ते वाजत होतं. त्यात सुरुवातीलाच गायक एक किंकाळी मारतो. सासऱ्यांना वाटलं, विहिरीत कोणी पडलं. ते चपला टाकून धावले, आणि विहिरीपाशी काका मान हलवत उभे. "म्हातारा बोलला, मुलगा येडा हाय, पन विहिरीला पानी लय हाय. दिली पोरगी."

दुसरं 'मोटर जळाली ते गानं'. त्यात ढोलवाला मधेच पेटतो आणि बराच वेळ बाकीच्यांना जवळ येऊ देत नाही. एके सकाळी काका त्या ढोलावर खूश होऊन फावड्याच्या दांड्यावर ताल धरत राहिले. आज ढोल जरा जास्तच घुमतोय, पास्कोलने चांगली कॅसेट आणली, असं त्यांना वाटलं. घुमत होती ती विहिरीवरची मोटर. धूर निघाला तेव्हाच ढोल कुठे संपला आणि मोटर कुठे सुरू झाली ते कळलं. "पन तालात जळाली," असं काका आजही अभिमानाने सांगतात.

मी एकदा शहाणपणा करून त्यांना केळीच्या गाण्याचा अर्थ सांगायला गेले. म्हटलं, "काका, तो माणूस म्हणतोय की त्याला आता जगण्यात राम वाटत नाही."

काकांनी विचार केला. "पानी उशिरा मिळालं असंल त्याला," ते म्हणाले आणि पाट फोडायला निघून गेले.

तर हे असं चाललं होतं. मग देसाईंचं घरून काम सुरू झालं. सकाळी नऊला त्यांची परदेशातल्या साहेबाशी मीटिंग आणि नऊलाच केळीला पाणी. टेपला जोडलेला काकांचा भोंगा तसा जुना होता, पण आवाज असा, की रस्त्याच्या बाजूलासुद्धा कपबशा वाजायच्या. एकदा देसाई आकडे समजावत असताना तो साहेबच डोळे मिटून गुणगुणायला लागला आणि म्हणाला, कॉलेजात असताना हे गाणं मी रोज ऐकायचो. दुसरा कोणी खूश झाला असता. देसाईंनी तक्रार केली, कारण त्यांचे आकडे राहूनच गेले.

सोसायटीची मीटिंग बसली. काका कवटी घालून हजर. देसाईंनी मुद्दे मांडले, चारपाच जणांनी माना डोलावल्या. काका एरवी कोणाला बोलू देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले.

"खिडक्या लावून घेतल्या तर?"

"मग ग्रीन व्ह्यू कसा बघायचा?" देसाई म्हणाले.

"आन आवाज कमी केला, तर तो रस्त्याच्या अंगाला पोचंल काय?"

हे काय मधेच, असं सगळ्यांना वाटलं. लोक आवाज कमी करायला सांगताहेत आणि म्हाताऱ्याला तो रस्त्यापर्यंत पोचवायचाय. कोणीतरी हसलं. भोंगा बंद, असा ठराव झाला आणि तो मीच वाचून दाखवला. देसाई मनाने वाईट नाहीत. त्यांनी काकांच्या मोबाइलमध्ये तीच गाणी भरून स्वतःचे बिनवायरचे इअरफोन त्यांना दिले. काकांनी ते हरभऱ्याच्या दाण्यासारखे तळहातावर घेऊन निरखले, "बरं" म्हणाले आणि गेले. काका एवढ्या लवकर "बरं" म्हणाले, हे माझ्या मनाला काही पटलं नाही. पण भांडण मिटलं की सेक्रेटरीने जास्त खोलात जाऊ नये, एवढं मी शिकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेळी अपार्टमेंट इतकं शांत होतं की मला माझ्याच कुकरची शिट्टी उद्धट वाटली. नऊ वाजले. आणि खालून, काकांच्या घरातून, ठण ठण आवाज यायला लागला. भांड्यावर भांडं आपटल्यासारखा. थांबेना. मी मनात म्हटलं, आता काकूंनी ढोल घेतला काय? पण लगेच जीभ चावली. काकूंना लकवा झाल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्यात, उजवी बाजू गेलेली, बोलणंही जेमतेम.

खाली गेले तर दार उघडंच. पलंगावर काकू डाव्या हाताने स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटत होत्या. चेहरा घामाने भिजलेला, डोळे दाराकडे. सून दर्शना त्यांचा हात धरायला बघत होती आणि रडकुंडीला आली होती.

"आई, बाबा वाडीतच आहेत. खरंच आहेत. मी आत्ता बघून आले ना?"

काकू मान हलवत होत्या. नाही, नाही.

मला काही समजेना. दर्शनाने सांगितलं तेव्हा समजलं. वाडीत आधी ही दोघं मिळून पाणी द्यायची. काका विहिरीपाशी, मोटर आणि पाट सांभाळायला. काकू पार टोकाला वाफ्यांवर, फावडं घेऊन. मधे केळी, त्यात मोटरचा आवाज, हाक मारली तरी पोचायची नाही. म्हणून गाणं. गाणं बदललं की काकू एका वाफ्याचं तोंड बुजवायच्या आणि दुसऱ्याचं फोडायच्या. इतकी वर्षं दोघांनी त्या गाण्यांवर वाडी भिजवली, एकमेकांना न बघता. आता काकूंच्या खिडकीतून रिक्षा आणि केकचं दुकान दिसतं. पण रोज सकाळी गाणं लागलं की त्या पडल्या पडल्या सांगायच्या, आता मेथी, आता वांगी, आता केळी.

वाडीत हाक मारायला मी देसाईंच्या गॅलरीकडे जिना चढणार, तेवढ्यात काकाच आले. दर्शनाने फोन केला असणार. पाय चिखलाने भरलेले, एक इअरफोन कानात, दुसरा कुठेतरी वाफ्यात पडला असणार. ते पलंगाशी उकिडवे बसले आणि चिखलाचा हात काकूंच्या हातावर ठेवला.

"हाय गो मी. हाय. मेलो नाय."

काकूंनी पेला सोडला.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला वाडी दिसत नाय, बाय. गानं वाजतंय म्हंजे मी हाय. बंद झालं म्हंजे हिच्या लेखी मी विहिरीत गेलो."

"मग काल मीटिंगमध्ये हे सांगायचं ना, काका."

"घरातलं दुखनं काय माइकवर सांगाचं?"

मला त्यांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त आला. काका उठले, टॉवेल झाडला आणि वाडीत गेले. मी काकूंपाशी बसले. थोड्या वेळाने इमारतीला वळसा घालून एक आवाज आला. भोंगा नव्हता. ठरावात भोंगा बंद होता, गळ्याबद्दल आम्ही काही लिहिलं नव्हतं. हरिकाका केळीचं गाणं स्वतः गात होते. शब्द एकही खरा नव्हता, सूर तर त्याहून नव्हता, पण ओरडणं अगदी मूळच्यासारखं.

काकूंनी डोळे मिटले. ओठ हलले, "केळी." मी घाम पुसला तसा चेहरा निवला. मग गाणं संपलं आणि त्यांनी एकदम डोळे उघडून कपाळाला आठी घातली.

"काय झालं, काकू?"

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. "मधलं... खाल्लं त्याने. केळीला... पानी कमी."

मी पायऱ्या चढत तिसरा मजला गाठला. आमच्या इमारतीत वाडीकडे तोंड करून ओरडायचं तर देसाईंच्या गॅलरीशिवाय सोय नाही. देसाई आधीच तिथे उभे होते, लॅपटॉप मागे उघडा टाकून. मी त्यांना बाजूला सारलं आणि खाली हाक मारली, "काका, मधली गिटार राहिली."

काकांनी मान वर केली. "कोन म्हनतं?"

"काकू म्हणताहेत. केळीला पाणी कमी पडेल म्हणाल्या."

काकांनी टॉवेलने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि फावडं टेकवून तोंडानेच गिटार सुरू केली. माणूस रडत असला की तोंडाने गिटार वाजवणं फार कठीण जातं. सूर कुठेही जात होते. पण त्यांनी एकही जागा सोडली नाही.

देसाई कठड्याला धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ताई, त्यांना भोंगा लावायला सांगा हो. मी मीटिंग दहाला घेईन."

"सांगते," मी म्हटलं. "आधी केळीचं पाणी होऊ दे."