फक्कीची लाईन आणि नामदेवचा संडास

"विपुल, तुझ्यात दम असेल ना, तर ती लाईन वाकडी करून दाखव," त्याचा दोस्त प्रीतम बोलला आणि विपुल 'हो' बोलला. बास, एवढंच झालं. बाकी सगळं त्याच्यानंतर आपोआप झालं. (असं विपुलचं म्हणणं.)

लाईन म्हणजे फक्कीची. घणसोली गावात त्यांच्या गल्लीत गटाराचा पाइप टाकायचा होता. कुठं खणायचं ते कळावं म्हणून ठेकेदाराचा माणूस ज्योतिबा सकाळीच दोरी धरून चुन्याची पांढरी फक्की मारून गेला होता. एवढी सरळ रेघ विपुलच्या भूमितीच्या वहीत दहावीपर्यंत कधी आली नव्हती. त्यामुळे त्याचा तिच्यावर आधीपासूनच राग होता.

जेसीबीवर होता उदयसिंह. हा माणूस एकाच नियमानं चालायचा. "फक्की जिधर, बकेट उधर." आधीच्या कुठल्यातरी साइटवर त्यानं स्वतःचं डोकं वापरलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या. तेव्हापासून डोकं बंद, बकेट चालू.

प्लॅन एकदम साधा होता. दुपारी उदयसिंह जेवून मशीनच्या सावलीत झोपला, की लाईन वळवायची आणि शेजारच्या बाजीराव काकांच्या ओट्याला नेऊन टेकवायची. काका बाहेर येणार, लाईन बघणार, बोंबलणार. प्रीतम शूटिंग करणार. खेळ खल्लास.

पण उदयसिंहनं फक्कीची गोणीच उशाला घेतलेली. झोपलेल्या माणसाच्या डोक्याखालून उशी ओढायची, एवढी काही पैज नव्हती. मग विपुल घरात घुसला आणि आईनं, मालतीबाईनं, उद्याच्या भाकऱ्यांसाठी दळून आणलेलं तांदळाचं पीठ पिशवीत भरून आला. पांढरं ते पांढरं.

उद्या म्हणजे हळद होती. विपुलच्या बहिणीची, स्नेहलची. दारात मांडव पडला होता, डीजेचे बॉक्स मांडवाच्या छताला टेकले होते, आणि पाहुण्यांसाठी नामदेवनं, म्हणजे विपुलच्या बापानं, अंगणातल्या संडासाला नव्या टाईल्स लावल्या होत्या. घराला संडास हा एकच. पण असा की आत गेलेला माणूस बाहेर यायला तयार नसायचा.

विपुलनं पायानं जुनी लाईन पुसली, पिठाची नवी मारली, मस्त वळण देऊन काकांच्या ओट्याला भिडवली. तेवढ्यात आतून काका खोकले. विपुल जो सुटला तो घराकडं. पिशवी संडासामागं कोंबली आणि साळसूद तोंड करून मांडवात खुर्च्या पुसायला लागला. (त्याला खुर्च्या पुसायला कोणीच सांगितलं नव्हतं. खरं तर इथंच लोकांनी ओळखायला पाहिजे होतं.)

दोन गोष्टी त्याच्या लक्षातच आल्या नाहीत. एक, पिशवीला खाली भोक होतं. दुसरी, गावात कोंबड्या आहेत.

कोंबड्यांनी काकांच्या ओट्याकडची लाईन टिपून टिपून साफ केली. पोट भरलं तशा निघून गेल्या. उरली ती विपुल पळताना सांडलेली. गल्लीतून वळून, नामदेवच्या अंगणातून, थेट संडासाच्या मागच्या भिंतीपर्यंत.

उदयसिंह उठला. तोंडावर पाणी मारलं, सीट मागं फिरवली, मशीनचे दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि मागचं बकेट लाईनवर टेकवलं.

आता जेसीबी खणायला लागला की माणसाला स्वतःचं काम आठवत नाही. अख्खी गल्ली बघायला उभी. बाजीराव काका चहाचा कप घेऊन ओट्यावर. बकेटचे दात मातीत घुसायचे, मग मनगट वळवावं तसं ते वळायचं, माती उचलायचं, बाजूला ओतायचं. मशीन नामदेवच्या अंगणात शिरलं, तरी लोक आपले, "काय हात बसलाय राव!" विपुलनं मान वर केली आणि त्याच्या हातातलं फडकं गळालं.

"ए! थांब! रुको!"

इंजिनाच्या आवाजात उदयसिंहला वाटलं पोरगं शाबासकी देतंय. त्यानं खुशीत हात हलवला.

संडासाची मागची भिंत धाडकन खाली आली. आत नामदेव होता.

धूळ बसली तसा तो हळूहळू दिसायला लागला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात मग. (मग कुठं धरला होता ते विचारू नका.) समोर गल्ली. उदयसिंहनं मशीन बंद केलं आणि अतिशय अदबीनं बोलला, "सेठ, कोई अंदर बैठा है, ये फक्की में नहीं था."

पहिले हसले ते बाजीराव काका. इतके, की चहा नाकातून आला. तिथंच सगळा घोटाळा झाला.

नामदेव टॉवेल गुंडाळून बाहेर आला. "बाजीराव! लाईन तूच फिरवलीस! माझा संडास तुझ्या हद्दीत वीतभर आलाय, अशी बोंब मारतोस ना रोज?"

"आलाच हाय वीतभर! पन मना पाडायचा असता तं मी तोंडावर सांगून पाडला असता!"

"मग हसलास कशाला?"

"आरं, तू सवताला बघितला असतास तं तू पन हसला असतास!"

"चोर तो चोर, वर दात काढतोय!"

"चोर?" काकांचं हसू गेलं. "मना चोर बोलतोस? माझ्या संडासाला आतापासून कुलूप. उद्या तुझा एक पाहुना तिकडं फिरकला तं बघ!"

गल्ली गार पडली. कारण उद्या माणूस मुंगीसारखा येणार होता, आणि जवळपास संडास उरला होता तो एकट्या काकांचा.

स्नेहलनं भोकाड पसरलं. "बाबा, माझ्या सासूला शुगर आहे! दर अर्ध्या तासाला जायला लागतं त्यांना! उद्या कुठं जातील त्या? हळद लागायच्या आधीच माझं लग्न मोडनार!"

मालतीबाई खाली वाकली. लाईनीतली चिमूटभर फक्की उचलून तिनं जिभेवर ठेवली. "ही फक्की नाय. हे माझं भाकरीचं पीठ हाय."

"बघा!" काका गरजले. "पीठ कुनाच्या घरातलं? सवताच पाडायचा, माझ्यावर ढकलायचा, आनि भरपाई मागायची!"

नामदेव बायकोकडं वळला. "पीठ तू दिलंस? कुनाला दिलंस?"

"मी? मी कुनाला देऊ?" आणि मालतीबाई पण रडायला लागली.

बहीण एका बाजूला रडतेय, आई दुसऱ्या बाजूला. विपुलला वाटलं, त्या खड्ड्यात आपणच उतरावं आणि वरून माती ओतून घ्यावी. तो पुटपुटला, "मी..." पण कोणी ऐकेना. मांडवात डीजे ऋषी "हॅलो, चेक, चेक" करत होता. विपुलनं त्याच्या हातातला माईक हिसकावला.

"संडास मीच पाडला!"

आवाज पार रबाळे स्टेशनापर्यंत गेला असेल.

"मीच! लाईन मीच फिरवली, पीठ मीच चोरलं! आयेला काय माहीत नाय, काकांनी काय केलं नाय! पिशवीला भोक होतं!"

नामदेवनं चप्पल उचलली, पण टॉवेल सुटायला लागला. दोन्ही हात तिकडं लागले, म्हणून मार तेवढ्यापुरता राहिला. काका परत हसत सुटले. करदोड्याची किल्ली सोडून त्यांनी स्नेहलच्या हातावर ठेवली. "घे बाय. सासूला सांग, कदी पन जा."

"बाजीराव, चुकलो रे," नामदेव बोलला.

"नवा बांधताना वीतभर मागं घे. मग बोलू."

विपुलला शिक्षा झाली. हळदीच्या रात्री काकांच्या संडासात पाणी भरायचं. मांडवात पोरं नाचतायत आणि हा बादल्या वाहतोय. तेवढ्यात ऋषीनं नवीन बीट सोडला आणि स्पीकरमधून आवाज आला, "संडास मीच पाडला! मी-मी-मी-मीच! पिशवीला भोक होतं, भोक-भोक-भोक होतं!" प्रीतमनं केलेलं शूटिंग कामाला आलं होतं. नामदेव नाचला, काका नाचले, उदयसिंह दोन्ही हात बकेटसारखे वर करून नाचला.

स्नेहलची सासू घामाघूम होऊन संडासाकडं आली. दारात बादल्या घेऊन उभं असलेलं पोरगं बघून थांबली.

"काय गानं हाय रं! परत लावाया सांग त्याला. कोनी म्हटलाय हा?"

पळायला जागा होती. विपुलनं दोन्ही बादल्या खाली ठेवल्या.

"मीच."