रोज दहा शब्द

विभागीय गुंतवणूक प्रोत्साहन कार्यालयात गुंतवणूकदार फिरकत नाहीत, याला आम्हा कर्मचाऱ्यांचे कच्चे इंग्रजी कारणीभूत आहे, असा निष्कर्ष वरिष्ठ पातळीवर निघाला. त्यानुसार रोज दहा ते बारा या वेळेत गुंतवणुकीची एक ताजी बातमी वाचून तिच्यातले दहा व्यावसायिक शब्द पाठ करणे सक्तीचे झाले. शिकवायला एक बाई आल्या. साहेब स्वतःच पहिल्या बाकावर जाऊन बसले, त्यामुळे बाकीच्यांना दांडी मारायची सोय राहिली नाही.

प्रगती झपाट्याने झाली. आमच्या शिपायाने रजेच्या अर्जात 'स्ट्रॅटेजिक एक्झिट' असे कारण लिहिले आणि साहेबांनी रजा जागच्या जागी मंजूर केली. मी घरी भाजी न्यायला विसरलो, तेव्हा 'सप्लाय चेन'मध्ये अडथळा आल्याचे बायकोला कळवले. तिने जे उत्तर दिले, ते आमच्या अभ्यासक्रमात नाही.

अशात एका सोमवारी माझा मेहुणा अर्ज घेऊन आला. त्याला छत्र्यांच्या मुठी बनवण्याचा कारखाना काढायचा होता. चाळीस माणसे कामाला तयार होती, जागाही ठरली होती, फक्त जागेचा मालक शुक्रवारपर्यंतच थांबणार होता. हवी होती साहेबांची एक सही. अर्ज एका पानाचा, सरळ मराठीत.

"भावोजी, दोन मिनिटांचं काम आहे ना?" त्याने विचारले.

मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. गाढवच मी.

साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. त्यात शिकवलेला एकही शब्द नव्हता, त्यामुळे तो गुंतवणुकीसंबंधी असल्याचे सिद्ध होईना. "मला कारखाना काढायचा आहे" असे काय, कोणीही लिहील, असे साहेब म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

मेहुणा बिचारा माझी वही मागून घेऊन गेला आणि मंगळवारी त्याच अर्जात तीस शब्द कोंबून परत आला. 'स्टेकहोल्डर' होते, 'सिनर्जी' होती, 'स्केलेबल' तर तीनदा होता. तो वाचून बाईंचे डोळे पाणावले. इतके कसदार पाठ्यसाहित्य त्यांना एकाही वर्तमानपत्रात मिळाले नव्हते. साहेबांनी तत्काळ आदेश काढला की हा अर्ज हाच पुढचा धडा. शब्द तीस, रोजचे दहा, म्हणजे बुधवार, गुरुवार, शुक्रवार. सही धडा संपल्यावर, कारण न समजलेल्या कागदावर सही करणे नियमात बसत नाही. हा नियम आमच्याकडे पाळला जातो, हे मलाही त्या दिवशीच कळले.

तीन दिवस मेहुणा मागच्या बाकावर बसून आपलाच अर्ज शिकला.

"अहो, तुमच्याच ऑफिसात माझ्या भावाला असं ताटकळत ठेवता, लाज नाही वाटत?" बायकोने विचारले. वाटत होती. फार वाटत होती. पण शुक्रवारी बाराला सगळे उरकेल, अशी मी तिची समजूत घातली.

शुक्रवारी बाराच्या ठोक्याला धडा संपला आणि मी पेन घेऊन धावलो. पण इतका मोलाचा कागद हाताळून मळू नये म्हणून बाईंनी तो सकाळीच लॅमिनेट करून आणला होता. साहेबांनी सही केली, ती बोटाने पुसली गेली. पुन्हा केली, पुन्हा पुसली गेली. चौथ्या वेळेस त्यांनी पेनांच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमली.

मेहुणा भांडला नाही. त्याने पिशवीतून सोमवारचा मराठी अर्ज काढला, "येतो भावोजी," म्हणाला आणि बस धरून शेजारच्या विभागाच्या कार्यालयात गेला. तिथे प्रशिक्षण अजून सुरू व्हायचे होते. दोन मिनिटांत सही झाली, जागाही तिथेच मिळाली.

पुढच्या मंगळवारी ती बातमी छापून आली आणि अर्थातच आमचा धडा झाली. बाईंनी फळ्यावर 'मिस्ड ऑपॉर्च्युनिटी' असे लिहून कोणाला वाक्यात उपयोग करता येईल, असे विचारले. मी हात वर केला. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. घरी सांगितलेले नाही, कारण बायको अजून बोलत नाही.

तुम्ही हसताय, खुशाल हसा. 'स्केलेबल' किती वेळा आला, ते तुम्हाला चांगले आठवत असेल. आता वर न बघता सांगा पाहू, माझा मेहुणा कारखाना कशाचा काढणार होता?